तिसरं बटण

रविवार, किहीम

मित्रांच्या भेटी ठरवायला मी जे ॲप बनवतोय, त्यात दोनच बटणं होती: ‘येतो’ आणि ‘येत नाही’. आजच्या पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या बेतासाठी, आमच्या ट्रेलरवाल्या दिन्याने एकही दाबलं नाही. चिडून मी त्याला हिशेबात धरलंच नाही. आणि न्हावा शेवा बंदरात ट्रेलर लावून तोच वाडीत हजर, हातात भांबुर्ड्याचा पाला! मडक्यात घालायचा पालाच आम्ही विसरलो होतो.

“बटण का नाही दाबलंस?”

“गाडी कवा सुटंल म्हायत न्हाय. येतो म्हनून तुमाला ताटकळत ठेवू? आन् न्हाय म्हनवत न्हाय.”

खरंच, आमच्यात तोंडावर ‘नाही’ म्हणतं तरी कोण?

घरी आल्याआल्या ॲपमध्ये तिसरं बटण टाकलं: ‘बघतो’. ते दाबणाऱ्याच्या वाटणीच्या शेंगा मडक्यात धरायच्याच. आज दिन्याच्या नव्हत्या. पाला मात्र त्याचाच होता.