आढ्यावरच्या धामणाची व्यवस्था

मी, बकाराम वल्द दुधराम, जात सुतार, वय साठीच्या वर दोन, राहणार मौजा कामठा, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, आज माझ्या राजीखुशीने, कोणी न शिकवता आणि कोणी न भरवता, हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. लोक मरण्याआधी मृत्युपत्र करतात. मी एकदा मरून आल्यावर करत आहे. म्हणून यात चार गोष्टी अशा येतील, ज्या दुसऱ्यांच्या कागदात येत नाहीत. लिहिणारे केशोराव मास्तर कलम खाली ठेवून म्हणाले, "बकाराम, हे असं कागदात लिहीत नसतात." मी म्हणालो, "मास्तर, मेलो मी होतो का तुमी? लिवा."

झाले ते असे. पोळा होऊन चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली, पण डोळे उघडेनात. हात हलेना, जीभ हलेना. वैद्य आता म्हणतात, झोपेत मण्यार डसला असेल, त्याच्या विषाने अंग लुळे पडते. असेल. मला एवढेच ठाऊक की कान मात्र पूर्ण जागे होते. बायकोने हाक मारली, ऐकली. मुलगा मनिराम याने नाकाशी हात धरला आणि "बा गेला" म्हणाला, तेही ऐकले. अरे, नाकाशी हात धरून माणूस गेला हे ठरते का? मी आतल्या आत बोंबलत होतो आणि बाहेर रडारड सुरू झाली होती. पंधरा दिवस झाले, अजून ते कानात आहे.

मला अंगणात मांडवाखाली आणून निजवले. आमच्याकडे मयताच्या सरणाला गल्लीतल्या घराघरातून एकेक लाकूड येते. तशी आली. पण भादव्याची झड लागलेली, एक लाकूड पेटेल तर शपथ. मनिराम म्हणाला, "सारी ओली हायेत. धूर होईल नुसता." तेव्हा धुरपताबाई, म्हणजे माझी बायको, जिच्याशी मी चाळीस वर्षे संसार केला, ती म्हणाली, "वरची काढा."

वरची म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. मी बिलियर्ड आणि स्नूकरच्या काठ्या करतो, ज्यांना साहेब लोक क्यू म्हणतात. हिरव्या बनातीच्या मेजावर गोळ्या ढकलण्याची ती काठी. पंचविशीत असताना गोंदियाला साहेबांच्या क्लबात दाराची बिजागरी बसवायला गेलो होतो. तिथे एक साहेब विलायती काठी मेजावर घरंगळवून शिव्या देत होता, कारण आमच्या दोन पावसाळ्यांत ती वाकली होती. मी मनात म्हणालो, अरे वेड्या, कावडीचा दांडा कधी वाकून राहिला का? आमचे लोक कावडीला धामण झाडाचे लाकूड वापरतात. ओझ्याने लवते, ओझे उतरले की सरळ. घरी येऊन पडवीत धामणाची काठी रंधली, मुठीला तेंदवाचा, म्हणजे टेंभुर्णीचा, काळा गाभा सरसाने जोडला, जवसाचे तेल पाजले. पहिल्या तीन काठ्या परत आल्या, कारण लाकूड दोनच वर्षे सुकलेले होते. तेव्हापासून नेम केला: धामण चिरायचे नाही, रेषेरेषेने फोडायचे, चुलीच्या वर आढ्याखाली फळ्यांवर ठेवायचे, आणि नऊ पावसाळे चुलीचा धूर खाल्ल्याशिवाय त्याला रंधा लावायचा नाही. धुराने कीड लागत नाही आणि लाकूड घाई न करता सुकते. दर पोळ्याला बैलांना सुटी असते, त्या दिवशी मी वर चढून एकेक काठी उलटवतो. यंदाही उलटवली होती. त्रेसष्ट होत्या.

तर "वरची काढा" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. मला वाटले, मरणात भास होतात तसा भास असेल. मग फळ्या सरकल्याचा आवाज आला. मग कुऱ्हाडीचा. धामणावर कुऱ्हाड पडली की कसा आवाज येतो तो मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. सरणावर बसावीत म्हणून मनिराम एकेका काठीचे दोन तुकडे करत होता, आणि मी मोजत होतो. जाळणार आहेत याची भीती मागेच पडली. ही माझी दुसऱ्या वर्षाची, ही सातव्या, ही नवव्या, असे मनात चालले होते. एक्केचाळीस गेल्या.

तेवढ्यात सून शामकला मला आंघोळ घालायला पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "अवो आत्याबाई, मामाजींच्या डोळ्यातून पानी येऊन राहिलं."

मनिराम म्हणाला, "पाऊस हाये तो."

ती म्हणाली, "मांडवाखाली कोनता पाऊस? म्या पुसलं, पुन्हा आलं." आणि तिने माझ्या पापण्या बोटांनी उघडून धरल्या. मी तिच्याकडे पाहिले. तिने तांब्या टाकला आणि ती किंचाळली. म्हणून मी आज आहे.

आता कलमे.

कलम पहिले. राहते घर आणि नाल्याकडचे धानाचे बांध, म्हणजे शेत, मनिरामला. तो तिरोड्याला भाताच्या गिरणीत कामाला आहे, माझा धंदा त्याने कधी धरला नाही. मी विचारले, "काऊन रे तोडली? तुले मालूम नव्हतं काय?" तो म्हणाला, "बा, तू तर मेला होता." कुऱ्हाडही मनिरामलाच. ती त्याच्या हाताला बसते, हे मी ऐकले आहे. माझी धाकटी जोडी, म्हणजे काळा आणि पांढऱ्या कपाळाचा, हे दोन बैल त्यानेच सांभाळावे, विकू नयेत.

कलम दुसरे. माझे तीनही रंधे, पटाशा, सरस शिजवायचे भांडे, काठीच्या टोकाला बसवायच्या पितळी टोप्यांची डबी आणि पडवीतला बाक शामकलाला. गावात हसतील. हसू द्या. धानाचे रोवणे करताना तिची ओळ दोरी न लावता सरळ जाते, आणि तयार काठी हातात दिली की कुठे फुगून पोट आले आहे ते ती बोट ठेवून सांगते. मनिरामने रंध्याला हात लावल्यास तो चोरीचा गुन्हा समजावा. मास्तर म्हणतात नवऱ्यावर असा गुन्हा लागत नाही. तरी लिहावे.

कलम तिसरे. माझा सख्खा धाकटा भाऊ उदाराम. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. मी नवेगावच्या रानातून तेंदवाचा जुना गाभा आणला होता, कोळशासारखा काळा, त्यातून वीस क्यूंच्या मुठी झाल्या असत्या. त्याने माझ्या माघारी त्याचे खाटेचे पाये केले! खाटेचे! त्या दिवशी अंगणात मी लोळागोळा होऊन पडलो होतो तेव्हा त्याचा आवाज ऐकून मनात म्हणालो, आला, आता हा उरलेलेही नेणार. पण तो म्हणाला, "वहिनी, हे नोको तोडू. हा दादाचा जीव हाये. मी माह्या घरची दारं काढून आनतो." एवढ्या लोकांत एकटा तोच बोलला. मी चकित झालो ते झालो. दारे काढून आणतो म्हणाला, आणि खरेच एक फळी उचकटून आणली होती, ती मी नंतर पाहिली. तर उदारामला माझा माफीनामा, आणि त्याच्या दाराची फळी माझ्या हाताने बसवून देणे. खाट त्याच्याकडेच राहो. त्या खाटेवर मी मात्र बसणार नाही.

कलम चौथे. क्लबाच्या सहा क्यू दिवाळीपर्यंत देण्याचे कबूल केले होते. त्या होणार नाहीत. मास्तरांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहावी की कारागीर वारला होता, म्हणून उशीर झाला. साहेबाचा विश्वास बसणार नाही, पण खोटे लिहायला मी तयार नाही.

कलम पाचवे, माझी पत्नी धुरपताबाई हिच्याविषयी. हे कलम मी तीन दिवस अडवून धरले होते. मला राग होता. मी उठून बसल्यावर पहिल्यांदा जीभ वळली तेव्हा "पाणी" नाही म्हणालो, "काऊन?" म्हणालो. तिने तोंडाला पाणी लावले. कलम अडवल्याच्या चौथ्या दिवशी पेज घेऊन आली तेव्हा पुन्हा विचारले, "माह्या जन्माचं लाकूड तू सरनावर काऊन देल्लं?"

ती म्हणाली, "चाळीस पावसाळे मी ओलं लाकूड फुकलं. वर सुकं, खाली ओलं. एक काडी घ्याची सोय नव्हती. धूर पायजे होता ना तुमाले! म्हनलं, मी तं ओल्यावर शिजवलं, पन ह्या मानसाले ओल्यावर जाळनार नाही. चांगल्या लाकडावर जाऊ दे."

तिने माझ्यावर सूड उगवला असे मी समजत होतो. तिने मला आपल्या घरातले सर्वांत चांगले ते दिले होते. नऊ पावसाळ्यांचा धूर, नऊ पावसाळ्यांचा धूर, असे मी साहेबांना फुशारकीने सांगत आलो. तो धूर कोण करत होते, हे एकदाही माझ्या मनात आले नाही. लाज वाटते, म्हणून लिहवून घेतो.

सबब, उरलेल्या बावीस काठ्या आणि तोडलेले सर्व तुकडे धुरपताबाईच्या मालकीचे. तिने हवी ती काठी हवी तेव्हा चुलीत घालावी, नवव्या वर्षाचीसुद्धा. कोणी हरकत घेऊ नये. मास्तर म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. हे कलम आजपासून लागू.

पुरवणी. वरचा मजकूर मास्तरांनी सर्वांसमक्ष वाचून दाखवला. मला वाटले धुरपता खूश होईल. ती म्हणाली, "मले लाकूड कायले? चूल बाहेर काढून द्या. मागच्या पडवीत, हवेवर."

मी तिला समजावून सांगितले की चूल हलली तर आढ्याला धूर लागणार नाही, धूर नाही तर दोन वर्षांत भुंगा लागेल, पुढे एक क्यू होणार नाही, शामकलाला दिलेली हत्यारे नुसती दिसायची राहतील.

"लागू द्या भुंगा," ती म्हणाली.

शामकला खाली पाहत होती. उदाराम खोकला. सदतीस वर्षांचा धंदा आहे, एकदा आढ्याकडे पाहून घेतले. मग मास्तरांना म्हणालो, लिवा: चूल उद्या सकाळी हलवावी, माती मी स्वतः मळून देईन.

यावर घरच्यांच्या संमतीच्या निशाण्या घ्यायच्या होत्या. मनिरामने सही केली. धुरपताने अंगठा शाईत बुडवला आणि कागद सोडून पाटावर टेकवला. मनिराम हसला. तिने पुन्हा टेकवला, तो मास्तरांच्या धोतरावर.

"कुठी हाये कागद?" तिने विचारले.

कागद तिच्या गुडघ्यासमोर होता, भर दुपारच्या उजेडात. मास्तरांनी तिच्या तोंडासमोर बोटे धरली. तिने तीन बोटे पाच सांगितली. मी विचारले, "कधीपासून?"

"झाले असतीन चारपाच पावसाळे. उजेड समजते. मानसं सावलीवानी दिसतात."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी काठ्या पाहून राहिले होते," ती म्हणाली. रागाने नाही. जसे भात झाला म्हणून सांगावे तसे.

मी एक डोळा मिटून काठीतला केसभर वाक ओळखतो. क्लबातले साहेब त्यासाठी मला मोटारीतून बोलावून नेत. पाच वर्षे ही बाई माझ्यासमोर चाचपडत ताट ठेवत होती आणि मला दिसले नाही. मास्तर, हेही लिहा. कागदात लिहीत नसतील तरी लिहा.

हा मजकूर मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, एक अक्षर खोडायचे नाही.

मुक्काम कामठा, तारीख १२ सप्टेंबर १९३८.

बकाराम वल्द दुधराम, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार: उदाराम वल्द दुधराम, राहणार कामठा, सही
साक्षीदार: मंगरू वल्द रामलाल, राहणार कामठा, निशाणी अंगठा

संमती: मनिराम वल्द बकाराम, सही
संमती: शामकला जवजे मनिराम, निशाणी अंगठा
संमती: धुरपताबाई जवजे बकाराम, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. बाईंना कागद दिसत नसल्याने नवऱ्याने हात धरून लावला. नवऱ्याने हात लवकर न सोडल्याने निशाणी फिसकटली आहे, ती ग्राह्य धरावी.

लेखक: केशोराव, शाळामास्तर, कामठा