बारा नंबर कुणाचा

प्रिय ठमे,

हसू नकोस. वर राहणारा बाप खाली छापखान्यात बसणाऱ्या लेकीला पत्र लिहितो म्हणजे गुडघ्याबरोबर डोक्याचंही ऑपरेशन झालं की काय, असं म्हणशील. पण बोलायला आलो की तू डोळे वटारतेस आणि मी अर्ध्या जिन्यातून परत फिरतो. उद्या नेटवर्क जोडून देणाऱ्या वायरवाल्या ताईंना काम बंद करा म्हणून फोन करायच्या आधी एवढं वाच.

आठवतं, शाळेत असताना तू आपल्या दोन कॉम्प्युटरना नेटवर्कचे पत्ते घातले होतेस? पहिले तीन आकडे सगळ्यांचे एकच, शेवटचा ज्याचा त्याचा. तू दोन्हींना शेवटचा आकडा एकच दिलास आणि सगळं काम ठप्प. केवढा ओरडलो होतो मी! मग वहीत यादी केली. आकड्यावर बोट ठेवायचं, मोठ्याने वाचायचं, मगच टाकायचं. माझ्या कॉम्प्युटरला बारा. ती सवय तू अजून सोडली नाहीस, याचा मला फार अभिमान वाटतो.

काल ताईंना तू तसंच वाचून दाखवत होतीस. नव्या प्रिंटरचा पत्ता, शेवटी बारा. जिन्यात मी ते ऐकलं आणि माझे तिथेच बारा वाजले. शिवाय तू त्यांना म्हणालीस, चार आकडे नीट टाकता येत नाहीत तर हे काम घेता कशाला. अगं, त्यांनी बरोबरच टाकले होते.

नवा प्रिंटर रोज दुपारी दोनलाच नेटवर्कवरून का गायब होतो, सांगू? दोनला तू गिऱ्हाइकांकडे जातेस. मी गुपचूप खाली येतो आणि मागच्या खोलीतला माझा जुना कॉम्प्युटर चालू करतो. तो मोडीत गेला असं धरून तू त्याचा नंबर प्रिंटरला दिलास, त्यात तुझी चूक नाही. पडद्यावर काहीतरी सूचना यायची, मी न वाचताच घालवायचो. ताईंची चाहूल लागली की बटण बंद आणि मी वर. मग त्यांना सापडणार काय, कपाळ? भिंतीवरचं कॅलेंडर करतोय, पुढच्या वर्षीचं. यंदा नको म्हणालीस तेव्हा मी बरं म्हणालो होतो. सप्टेंबरपर्यंत झालंय आणि झकास झालंय.

ताईंची माफी मी मागतो, चहा तू पाज. बारा प्रिंटरलाच राहू दे. आराम करा बाबा, हे तू मायेनेच म्हणतेस, पण वर नुसतं बसून माझा जीव रमत नाही गं. वही तुझ्या टेबलावर ठेवली आहे. तेरा रिकामा आहे. बोट ठेव, मोठ्याने वाच आणि त्याच्यापुढे माझं नाव लिही.

तुझाच,
मागच्या खोलीतला चोर,
बाबा