कान, हात, शिट्टी

२ नोव्हेंबर, सोमवार
शाळांचा सीझन गुरुवारपासून. त्याआधी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूंची नोंद. (फक्त बास्केटबॉलच्या. दुकानात वाइंडिंग केलेल्या मोटरी धरलेल्या नाहीत.)
स्कोअरबोर्ड. पत्र्याचे इंग्रजी आकडे, खिळ्याला टांगायचे. सहा उलटा टांगला की नऊ.
बॉल कुणाचा ते दाखवणारा बाण. प्लायवूड, खाली जुन्या पंख्याचं बेअरिंग. बोट लावलं की वळतो, कुरकुर शून्य.
शिट्टीची दोरी, चार पदरी.
नियमांची वही, २१२ पानं, आकृत्यांसह. छापील पुस्तक ९६ पानांतच आटोपलंय.
आणि ‘कान, हात, शिट्टी’. ही वस्तू नाही, पण केली मीच.
बायकोने आत येऊन माळ्याच्या शिडीचं विचारलं. शिडी अर्धी झाली आहे. अर्धवट गोष्टी मी यादीत घेत नाही.

३ नोव्हेंबर
सकाळी ७.१० ला असोसिएशनच्या सेक्रेटरींचा फोन. बारा वर्षं रेफरी आहे, क्लास न लावता परीक्षा पास झालो (तिसऱ्या प्रयत्नात, पण क्लास न लावता), तरी फायनल एकदाही मिळालेली नाही. यंदा माझं नाव विचारात आहे म्हणाले. एकच अडचण, कोच लोक तुमच्या डोक्यावर बसतात. यंदा बसू देऊ नका.
म्हणूनच ही पद्धत. कोच कुरकुरला की पहिल्यांदा कान: ऐकायचं, चेहरा कोरा. दुसऱ्यांदा हात: तळहात दाखवायचा. तिसऱ्यांदा शिट्टी: टेक्निकल फाउल, समोरच्यांना एक फ्री थ्रो.
अपवाद एकच. प्रश्नाला उत्तर द्यायचं. विधानाला नाही. जो विचारतो तो शिकतो, मी तसाच शिकलो.
आरशासमोर तळहात वीस वेळा. बायकोला वाटलं मी तिला थांबवतोय. दुपारपर्यंत अबोला.

५ नोव्हेंबर
पहिली मॅच. त्यातल्या एका शाळेच्या कोचचा घसा कायमचा बसलेला, म्हणून सगळे त्यांना घोगरे सर म्हणतात. टीम गरीब, सहाच पोरं. म्हणजे बदलीला एक.
पहिल्या क्वार्टरमध्ये घोगरे ओरडले, की डोळे घरी ठेवून आलात का. वाक्याला प्रश्नाचा आकार होता, पण भाव विधानाचा. कान लावला.
दुसऱ्यांदा हात. गप्प झाले!
तिसऱ्या क्वार्टरमध्ये अगदी नम्रपणे विचारलं, सर, ब्लॉकिंग आणि चार्जिंग यांत नेमका फरक काय? घड्याळ थांबवलं. पाय कुठे हवेत ते करून दाखवलं. मान डोलावत होते. बारा वर्षांत एकाही कोचने मान डोलावली नव्हती.
टाइमकीपर माझी मुलगी. सेकंदासकट लिहायची सवय मीच लावली. शीटवर तिची नोंद: खेळ थांबला, ४ मिनिटं १० सेकंद, कारण बाबा. ‘बाबा’ खोडून ‘रेफरी’ करायला लावलं. शीट हा दस्तऐवज आहे.

९ नोव्हेंबर
पुन्हा घोगरे. आज तीन प्रश्न. तिसऱ्याला तर वहीतली १४७ क्रमांकाची आकृती काढून दाखवली. त्यांची पोरं तेवढ्यात शहाण्यासारखी बेंचवर बसून राहिली, पाणी पीत. शिस्त आहे. एकूण ७ मिनिटं ३५ सेकंद.
मुलगी स्कूटरवर मागून म्हणाली, बाबा, ते नेमकं पोरांना दम लागल्यावरच विचारतात. मी म्हटलं, जिज्ञासेला वेळ नसतो. ती म्हणाली, टाइम-आउटला असतो, आणि त्यांचे संपले होते.
पोरगी हुशार आहे, पण माणसं ओळखायला वय लागतं.

१२ नोव्हेंबर
मॅच नाही. शिडीच्या दोन पायऱ्या करायच्या होत्या. त्याऐवजी घोगऱ्यांसाठी वहीची संक्षिप्त आवृत्ती लिहायला घेतली. संक्षेप १३० पानांवर गेला.

१४ नोव्हेंबर, दुपारी ४.३०
सेमीफायनल. घोगरे विरुद्ध चष्मेवाल्या मॅडमची शाळा. या मॅडम बारा वर्षांत माझ्याशी दोनदाच बोलल्या, दोन्ही वेळा ‘नमस्कार’. सेक्रेटरी पहिल्या रांगेत. ही मॅच नीट गेली की फायनल माझी.
सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस लक्षात राहणार.
शेवटचं क्वार्टर, दोन मिनिटं बाकी, ४०–४०. घोगऱ्यांची पोरं गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होती. घोगऱ्यांनी पिव्हट पायाबद्दल विचारलं. मी एक पाय रोवून दोन्ही दिशांना वळून दाखवलं.
मॅडम म्हणाल्या, सर, त्यांना हा फुकटचा टाइम-आउट मिळतोय. विधान. कान.
घोगऱ्यांनी विचारलं, आणि डावखुऱ्या खेळाडूचा पिव्हट? उत्तम प्रश्न. कुणी विचारतच नाही. मॅडम पुन्हा तेच बोलल्या, जरा जोरात. हात.
तीस सेकंद उरले असताना घोगऱ्यांनी पिव्हटचा उगम विचारला. मी उगमाकडे वळतोय तोच मॅडम रेषेच्या बाहेर एक पाऊल आल्या आणि म्हणाल्या, अहो सर, तुम्ही तिकडे शाळा घेताय आणि त्यांची पोरं इकडे आडवी पडलीत, मागे वळून बघा तरी.
तिसरं विधान. शिट्टी.
बारा वर्षांतला माझा पहिला टेक्निकल फाउल! घोगऱ्यांच्या पोराने फ्री थ्रो टाकला. ४१–४०. उरलेल्या तीस सेकंदांत कुणाचाच बास्केट झाला नाही.
घोगऱ्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मॅडमच्या टीमची कॅप्टन माझ्या बाणाशेजारी उभी राहून रडली. मॅडमनी शीटचा फोटो काढला. ११ मिनिटं २० सेकंद.
मागे वळून मी बघितलं नव्हतं. रेफरीने विचलित होऊ नये.

त्याच दिवशी, ७.४५
मुलगी जेवताना म्हणाली, बाबा, ते शिकण्यासाठी विचारत होते असं तुम्हाला खरंच वाटतं?
प्रश्न असल्यामुळे उत्तर देणं भाग आहे. तयार करतोय.

१६ नोव्हेंबर
सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर तीन मॅचच्या तीन शीट. अक्षर फार सुंदर आहे म्हणाले, आणि नोंदी इतक्या चोख की त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावंच लागलं नाही. निकाल बदलता येत नाही, पण फायनल दुसऱ्याला दिली. पुढच्या सीझनलाही तुम्ही विश्रांती घ्या.
मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. त्यांनी तळहात दाखवला.
नोंदी चोख आहेत हे त्यांनी मान्य केलं. वळण माझंच.

१७ नोव्हेंबर
शिडीला हात लावला. एक पायरी तिरकी बसली. बायको म्हणाली, राहू दे, आपण विकत आणू. माझा आवाज चढला. सेक्रेटरींनी शीट बघावी तशी ती शिडीकडे बघत राहिली.

२१ नोव्हेंबर
फायनल. प्रेक्षकांत बसलो, सातवी रांग. स्कोअरबोर्ड माझा, बाण माझा.
रेफरी एक बावीस-तेवीसची मुलगी. घोगऱ्यांनी पहिल्याच क्वार्टरमध्ये प्रश्न विचारला. ती धावता धावता म्हणाली, मॅच झाल्यावर सांगते. संपलं! आकृती नाही, काही नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सहाही पोरं लिंबासारखी पिळून निघाली. एकतीस पॉइंटने हरले.
मध्ये मी उभा राहून तिला ट्रॅव्हलिंगबद्दल विचारलं. प्रश्नच होता. तिने कान लावला. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हात. तिसऱ्यांदा माझ्या मुलीने टाइमकीपरच्या टेबलावरून माझ्याकडे पाहिलं. मी बसलो.
मॅच संपल्यावर घोगरे जिन्यापाशी भेटले. संक्षिप्त वही त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. म्हणाले, सर, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. सहाच पोरं हो माझी. तुम्ही बोलायला लागलात की त्यांना दम खायला मिळायचा.
मी विचारलं, म्हणजे एकही प्रश्न खरा नव्हता?
बराच वेळ आठवून ते म्हणाले, एक होता. तो बाण कुणी बनवला, ते विचारणार होतो. पण खेळ चालू होता, राहून गेलं.
मी सांगितलं, मी. बेअरिंग पंख्याचं.
मग त्यांनी ऑफर दिली. पुढच्या सीझनला आमच्या बेंचवर बसा, असिस्टंट कोच म्हणून. पोरं दमली की तुम्ही उठायचं आणि रेफरीला धरायचं. तुमच्याइतकं कुणी लांबवत नाही, ती रेफरी पोरगीसुद्धा कंटाळून थांबेल.
नियमाप्रमाणे बेंचवरून एका वेळी एकच कोच उभा राहू शकतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. जिन्यातच, सोळा मिनिटं. मुलीने मोजली.
ऑफर नाकारली. मॅचमागे सहाशे देणार होते.