नाक अडीच इंच वर

१२ मे

ठरलं. दहा जूनला निघायचं. नॉर्थ डकोटातून निघून ओरेगॉन, थेट समुद्रापर्यंत.

मार्लिसने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मायनॉटचा डोळ्यांचा डॉक्टर परवा तिला म्हणाला, दोन्ही डोळ्यांना मधलं दिसणं बंद होणार, कडेचं राहील. इंजेक्शनं देऊ, पण फार भरवसा धरू नका, जे बघायचं असेल ते या उन्हाळ्यात बघून घ्या. लोकांना घाबरवल्याशिवाय डॉक्टरांना चैन पडत नाही. माझ्या गुडघ्याबद्दलही एकजण असाच बोलला होता. अजून चालतोय गुडघा. वाकत नाही, एवढंच.

पण घरी आल्यावर गाडीतून उतरताना मार्लिस म्हणाली, लेलँड, मला समुद्र बघायचाय. तिने आजवर काही मागितल्याचं आठवत नाही. म्हणून ठरलं.

विमानाने जाऊ या, म्हणाली. म्हटलं, विमानातून काय दिसतं? ढग. आणि दारात एवढा मोठा फिफ्थ-व्हील ट्रेलर कशाला घेऊन ठेवलाय? आत पलंग, शेगडी, न्हाणीघर. आपलं घर आपल्या मागून येणार. ती बरं म्हणाली.

२८ मे

ट्रेलर जोडून चर्चच्या मैदानापर्यंत नेऊन आणला. शेजारचा ओरिन कॉफीचा मग घेऊन बघत उभा होता. म्हणाला, नाक वर आहे.

माझं नव्हे, ट्रेलरचं. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला अडकतो. याचं पुढचं टोक पिकअपच्या हौद्यातल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या लोखंडी बैठकीवर बसतं. हिच उंच पडला की ट्रेलरचं नाक वर आणि ढुंगण खाली. मग सगळा भार मागच्या चाकांवर आणि डोंगरात टायर फुटणार. टेप लावला. नाक अडीच इंच वर.

ओरिन म्हणाला, अडीच इंचाने काय होतंय, लोक आभाळाकडे नाक करून ॲरिझोनाला जातात. जात असतील. रस्ते सपाट करायचा काउंटीचा ग्रेडर मी तीस वर्षं चालवला. या भागात जो रस्ता सपाट आहे तो माझ्यामुळे आहे. मी वाकडा ट्रेलर घेऊन निघणार नाही.

मार्लिस म्हणाली, तुझं नाक वर असून मी इतकी वर्षं काढलीच ना, ट्रेलरचं राहिलं तर काय बिघडलं? ओरिन हसला. मी हसलो नाही.

संकल्प: दहा जूनच्या आत लेव्हल.

६ जून

हिच दोन भोकं खाली घेतला. नाक खाली आलं. सुंदर. मार्लिसने बॅगा भरायला घेतल्या.

दुपारी चाचणी. कोपऱ्यावर रस्त्याचा खड्डा आला, पिकअपची शेपूट वर उडाली आणि ट्रेलरचं पोट हौद्याच्या कडेवर बसलं. आवाज ओरिनच्या शेतापर्यंत गेला. कड चेपली.

म्हणजे हिच खाली घेता येत नाही. ट्रेलरच मागून उचलायला हवा. चाकांचे अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर आहेत, ते पाट्यांच्या खाली घ्यायचे. सामान मागवलंय. दहा जून रद्द. चार जुलै नक्की. बॅगा भरलेल्याच राहू दे म्हटलं.

२ जुलै

काम झालं. ओरिन दोन दिवस ट्रेलरखाली पाठीवर पडून होता, मी वरून सूचना देत होतो. दोघांच्या मेहनतीने अ‍ॅक्सल बसले. ओरिनने लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, एकदम सरळ, निघा आता.

त्याला म्हटलं, डोळ्यांचा भरवसा धरायचा नसतो, टेपचा धरायचा. तो गवत कापायला निघून गेला.

पुढची उंची मी उभ्याने मोजली. चौतीस इंच. मागे ट्रेलरखाली डोकं घालून गुडघे टेकावे लागतात, म्हणून तो टेप मार्लिसकडे. तिने फार वेळ लावला. एकतीस, म्हणाली. म्हणजे नाक तीन इंच वर! ओरिनचा डोळा. पुन्हा मोज म्हटलं. सदतीस. पुन्हा. एकतीस. म्हणाली, एक आहे की चार की सात, मला लागत नाही रे. म्हटलं, जरा डोळ्यांत तेल घालून वाच.

एकतीस.

चार जुलै रद्द.

१६ जुलै

पाटे बसले असणार. नवे मागवले, ओरिनला पुन्हा खाली घातलं. आता मार्लिस म्हणते सदतीस. काल नाक वर, आज ढुंगण वर. उन्हाने लोखंड वाढतं, त्याचा परिणाम असावा. यापुढे फक्त पहाटे मोजायचं.

आज तिला इंजेक्शनसाठी मायनॉटला जायचं होतं. पिकअपला जोडलेला ट्रेलर जॅकवर होता, मी काय करणार? ओरिनबरोबर गेली. काळा चष्मा लावून परत आली. ट्रेलरचं काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. या घरात लेव्हलची काळजी मला एकट्यालाच आहे.

२९ जुलै

चर्चमध्ये सगळ्यांनी आपापला पदार्थ नेऊन जेवण. मार्लिसने पास्टरच्या कपात कॉफी ओतली ती अर्धी त्यांच्या बाहीवर. हल्ली कप फार लहान बनवतात.

शिवण बंद केलंय तिने. गाडीही चालवत नाही, कंटाळा येतो म्हणते. वय झालं की माणूस आळसावतो, त्यात तिचा दोष नाही. सकाळी अंडं खाताना म्हणाली, तुझ्याकडे बघितलं की तोंडाच्या जागी राखाडी भोक दिसतं. यापेक्षा वाईट बोललेली आहे मला. लक्ष दिलं नाही.

पहाटेची मोजणी: एकतीस. तीच, तासाभराने: सदतीस.

१० ऑगस्ट

घोडं कुठे अडलंय ते सापडलं. जमीन! आमच्या अंगणाला उतार आहे. वाकड्या जमिनीवर उभा केलेला ट्रेलर सरळ मोजणार कसा? इतके दिवस मी मार्लिसला उगाच बोललो. तसं तिला सांगणार होतो, पण ती झोपली होती.

काउंटीकडून जुना ग्रेडर मागून आणला. खडी टाकून ट्रेलरपुरती सपाट जागा करणार. सप्टेंबरात, लेबर डेची सुट्टी संपल्यावर निघायचं, रस्त्यावर गर्दीही कमी असते.

३० ऑगस्ट

जागा तयार. गावातले लोक बघायला आले. मधोमध अंडं ठेवून दाखवलं, जागचं हललं नाही. ग्रेडर चालवताना जुने दिवस आठवले, फार बरं वाटलं. मार्लिस पायरीवर बसून होती. म्हणाली, एवढ्या दिवसांत जाऊन आलो असतो. म्हटलं, जाऊन आलो असतो, पण वाकडे.

उद्या मोजणी. जिंकलो.

३१ ऑगस्ट

पुढे चौतीस. मागे, मार्लिस म्हणते, सदतीस.

मी ओरडलो. डोळे फुटले का तुझे, म्हणालो. बोलायची पद्धत असते, दुसरं काही नाही. तिने टेप खडीवर ठेवला आणि म्हणाली, फुटतायत म्हणूनच तर निघायचं होतं.

आत गेली. रात्री ताटात थंड मांस आणि ब्रेड. मी काही बोललो नाही. मी बऱ्याच गोष्टी बोलत नाही, याची नोंद कोणी घेत नाही.

१ सप्टेंबर

सकाळी आपण होऊन आली, टेप धरला आणि फटकन म्हणाली, चौतीस. क्षणभर मला रडूच येईल असं वाटलं. मग लक्षात आलं, ती वाकलीच नव्हती. नीट बघून सांग म्हटलं.

वाकली. बराच वेळ तशीच होती. एकतीस.

१९ सप्टेंबर

ओरिन आपला जॅक न्यायला आला. मी त्याला म्हटलं, जमीन सरळ केली, पाटे बदलले, तरी आकडा जागेवर येत नाही, तू कधी असं पाहिलंयस का? तो मागे गेला, खडीवर बसला, टेप लावला. चौतीस. दुसऱ्या बाजूला गेला. चौतीस. अंगणातल्या जुन्या जागेवरही उतार कुठे होता म्हणे, वाटीभर पाणी वाहून जाणार नाही एवढासुद्धा नव्हता. म्हणाला, लेलँड, हा जुलैपासून सरळ आहे. आकडा वाचत कोण होतं?

मी मार्लिसकडे पाहिलं. ती पायरीवर बटाटे सोलत होती. सालाकडे बघत नव्हती, बोटांनी चाचपत होती. असं ती कधीपासून करते मला माहीत नाही.

म्हणाली, मी वाचत होते. सुरुवातीला खरंच वाचायचा प्रयत्न केला. मग आदल्या दिवशीचा आठवेल तो सांगायचे. मग तुझ्या आवाजावरून ओळखायला बघायचे, तुला कुठला आकडा हवाय ते. एकदा बरोबर आला होता, तर तू म्हणालास पुन्हा बघ.

ओरिनने टोपी चढवली. म्हणाला, वहिनी, येतो. जॅक तसाच ठेवून गेला.

मी तिला म्हटलं, मग सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं होतं. तू म्हणालास डोळ्यांत तेल घाल.

टेपवर आकडे फार बारीक छापतात. सत्तरीच्या माणसाला वाचता येणार नाहीत असे आकडे छापायचेच कशाला? कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

जेवायची वेळ होईपर्यंत पिकअपमध्ये बसून राहिलो. पत्राचा मजकूर जुळवत होतो. जुळला नाही.

१ ऑक्टोबर

निघालो. मधे ओरिनकडचं लग्न आलं, मग दोन दिवस वादळ, मग ब्रेकच्या वायरी. या वेळी माझा काहीही संबंध नव्हता.

४ ऑक्टोबर, मोंटाना

काय चालतोय ट्रेलर! मागे आहे हे कळतसुद्धा नाही. प्रत्येक थांब्यावर उतरून टायरला हात लावला. गार. चारही सारखे गार. पंपावर एक अनोळखी माणूस मुद्दाम गाडीला फेरी मारून म्हणाला, छान बसलाय. मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, चला, कोणाला तरी दिसला.

ती खिडकीबाहेर बघत नाही, सारखी माझ्याकडे तोंड करून बसते. मला वाटलं माझ्याकडे बघतेय. म्हणाली, तुझ्याकडे तोंड केलं की डोंगर कडेला येतात. बाहेर काय आहे सांग ना, म्हणाली. म्हटलं, डोंगर. कसे आहेत? मोठे आहेत. वर बर्फ आहे का? आहे. अजून सांग ना. अजून काय सांगायचं, मी चढावर होतो, इंजिनचा काटा बघत होतो. मग तिने विचारायचं थांबवलं, आणि मला ड्रायव्हिंगकडे लक्ष देता आलं.

संकल्प: समुद्राशी गेल्यावर तिला सगळं नीट समजावून सांगायचं. लाटा, रंग, पक्षी. पाठ करून ठेवतो.

९ ऑक्टोबर, ओरेगॉन

पोचलो. ऊन होतं, धुकं नाही, नशीब. किनाऱ्यालगत उंचावर गाडी लावायची जागा आहे, कठडा आहे. ट्रेलर बाजूने पाहिला. सरळ रेष.

मार्लिसला हाताला धरून कठड्यापाशी नेलं. वारा फार होता, तिचा रुमाल उडत होता. मी सुरुवात केली. म्हटलं, पाणी आहे, खूप आहे, निळं आहे. पुढचं पाठ केलेलं काही आठवेना. ती म्हणाली, जरा गप्प राहशील का?

मग ती उभी राहिली ती तोंड पार्किंगकडे वळवून. समुद्र एका खांद्याला, आणि ही बघतेय कचऱ्याच्या पिंपाकडे. शेजारी एक कुटुंब होतं, तेही बघायला लागलं. मी हळूच म्हटलं, अगं, समुद्र इकडे आहे. ती म्हणाली, माहीत आहे. दिसतोय मला. कडेला आहे, पांढरं काहीतरी येतंय आणि जातंय, येतंय आणि जातंय. किती मोठं आहे रे हे. थांब, हलवू नकोस मला. तिच्या गालांवर पाणी होतं, वाऱ्याने असेल.

मला राहवेना. एवढ्या लांबून आणलं, आणि बाई पिंपाकडे तोंड करून उभी. तिच्या भल्यासाठीच तिचे दोन्ही खांदे धरले, तिला समुद्रासमोर नीट सरळ उभं केलं आणि म्हटलं, असं सरळ बघ.

म्हणाली, आता गेला.

मी हात काढून घेतले. म्हटलं, मग वळव ना परत मान, मघासारखी. तिने वळवली नाही. मी पुन्हा म्हटलं. म्हणाली, थंडी वाजतेय, आत जाऊ या.