आस्लाकच्या भिंतीवरचा डाग

३ मे
त्या सकाळी मी कॉफी चढवली होती, शेगडीतली राख काढली होती, चादरी दोरीवर टाकल्या होत्या. माझा नवरा टोरलेफ स्वयंपाकघरातल्या बाकावर भिंतीला डोकं टेकून शब्दकोडं सोडवत होता. पाच अक्षरी मासा सांग, म्हणाला. माझे हात ओले होते; मग सांगते, म्हटलं. परत आत आले तेव्हा तो तसाच टेकलेला होता.
त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या डोक्याचा डाग वॉलपेपरवर आहे. तो कागद मी बदललेला नाही.
आज मात्र दिवस चांगला. साठाव्या वर्षी नोकरी! घरं विकणाऱ्या कचेरीसाठी फोटोंची साफसफाई करायची, तीही घरी बसून. संगणक मी वाचनालयातली पुस्तकं आणून शिकले हे ऐकून साहेबीण, सोल्वी, हसली. पण काम दिलं. येताना स्वतःसाठी केक आणला.

६ मे
काम आवडतं. राखाडी आकाश निळं करायचं, थंड शेगडीत जाळ घालायचा. चपला, औषधाच्या बाटल्या, कुत्र्याची वाटी पुसायची. नियम एकच: सुटं असेल ते पुसायचं, घराचं असेल ते नाही. ओल आणि तडे गिऱ्हाइकाला दिसलेच पाहिजेत.

९ मे
आस्लाक नावाच्या म्हाताऱ्याचं घर आलं. तो हिवाळ्यात वारला, मुलगी विकते आहे. त्याच्या खुर्चीमागं भिंतीवर डोक्याएवढा काळपट डाग. हा घराचा आहे, पुसता येणार नाही, असं मी सोल्वीला फोन करून सांगितलं.
"आपण घर विकतोय, बोर्गहिल्ड, म्हातारा नाही," ती म्हणाली. "पूस आणि मोकळी हो."
आस्लाकच्या मुलीलाही विचारलं. तिचंही म्हणणं, पुसा. बाप त्या खुर्चीतून न उठता आईला मारायचा, हे तिनं उद्याचं हवामान सांगावं तसं सांगितलं. हाक मारली की आई स्वतःच जवळ जाऊन उभी राहायची.
पुसला.

१० मे
टोरलेफच्या डागाशेजारी दुसरा डाग. साबणानं घासला. जेवणाच्या वेळेला परत आला. बाकाला तंबाखूचा वास. टोरलेफ तंबाखूला शिवत नसे.

१३ मे
डाग पसरतो आहे. टोरलेफचा निम्मा त्याखाली गेला. बाकावरची गादी दबलेली; हात लावला तर ऊब.
दुपारी कॉफी ओतायला उठले आणि पाय आपोआप बाकाकडं गेले. जवळ जाऊन उभी राहिले. कोणी हाक मारली होती का, ते आठवत नाही. कान झणझणला.

१५ मे
गालावर चार बोटं उमटली आहेत.
आस्लाकच्या घराचा मूळ फोटो परत लावा, असं सोल्वीला सांगितलं. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. घर विकलं गेलं, कालच ताबाही दिला. "नव्या माणसांनी भिंतीवरचा तो कागद फाडूनसुद्धा टाकला. आता काय, डाग विकत आणून देऊ त्यांना?"
म्हणजे तिकडं त्याला भिंत उरलेली नाही. मी पुसलं, ते माझ्याकडं आलं.

१७ मे
आज राष्ट्रीय दिन. बाहेर मुलांची मिरवणूक, बँड, झेंडे. सोल्वी नटूनथटून आली होती, चल म्हणून खिडकीवर टकटक केली. मी बाकासमोर उभी होते. हलता आलं नाही. तिनं हात हलवला आणि गेली.
टोरलेफची नखाएवढी कड उरली आहे.

१८ मे
भिंतीचा फोटो काढला. वर नेऊन संगणकावर उघडला. कितीही मोठा केला तरी दोन डाग वेगळे करता येत नाहीत. त्याला घालवायचं तर दोन्ही — टोरलेफचं दुसरं काही या घरात —
आज नाही जमणार.

१९ मे
सकाळी पुसले. दोन्ही.
खाली जाऊन पाहिलं. भिंत कोरी. गादी सपाट. टोरलेफ नाही.
वर येऊन लिहिते आहे. माझ्या मागं भिंत नाही, नुसती खोली. तरी डोक्याला मागून डोकं टेकलं आहे. केस तेलकट —
टोरलेफ? असं मी विचारलं.
तंबाखू —
त्यानं हाक मारली. मी उठले. जवळ जाऊन उभी —