बॅटरीला लावलेला कान

अहो दत्तूचे आबा,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, मी एक ओळ लिहिली नाही. मेलेल्या माणसाला काय लिहायचं? पण आज दुपारी मी पीठ मळत होते आणि नात म्हणाली, "आजी, पप्पा बी आजोबांसारखंच बॅटरीला कान लावून ऐकत्यात!" माझा हात पिठातच राहिला. चौथी शिकलेल्या बाईची अक्षरं आहेत, लावून वाचा.

तुमचा तो कान सोनईपासून नेवाशापर्यंत ठाऊक होता. उसाचा ट्रक सेल्फ घेईना झाला की ड्रायव्हर तुमच्याच बॅटरीच्या दुकानाच्या दारात. सहाही खान्यांची बुचं काढायची, "मार सेल्फ" म्हणायचं आणि कान लावायचा. ज्या खान्यात खळखळ झाली, तो मेला. "उस्तादाला नळी कशाला लागतीय!" म्हणायचे लोक. पाणी तपासायची काचेची नळी खिळ्याला धूळ खायची. लई मिरवलंत हो!

तोंडातली बिडी तरी टाका, असं मी किती वेळा म्हणाले? "तुला काय कळतंय बॅटरीतलं?" मला एवढंच कळत होतं, की त्या बुचांतून पेटणारा गॅस निघतो. तुम्हीच सांगितलं होतं. शहाणपण काय, फक्त दुसऱ्याला सांगायला?

त्या दिवशी मी चहा घेऊन आले. ड्रायव्हर वर केबिनमध्ये, आपला दत्तू कामाला नगरला गेलेला. तुम्ही वाकलात, बिडी ओठात. आवाज झाला, बॅटरी फुटली. चहानं माझा पाय भाजलाय, हे मला दवाखान्यात कळलं. तुम्ही अकरा दिवस काढलेत. डोळे तर पहिल्याच दिवशी गेले होते.

पण तुम्हाला गाडीत घालून न्यायच्या आधी मी एक काम केलं. ट्रकखालची बिडी उचलली आणि चुलीत टाकली. विचारेल त्याला सांगितलं, "बॅटरीच खराब निघाली." उस्ताद स्वतःच्या बिडीनं गेला, असं कसं म्हणू द्यायचं? तुमच्या नावासाठी खोटं बोलले. तुम्ही माझ्यासाठी कधी बोलला असता का?

आता ते खोटं पोराच्या अंगावर येतंय. दत्तूला वाटतं, बापाची रीत बरोबर होती, नशीब तेवढं वाईट. कान तसाच, ओठात सिगारेट. आज एक बॅटरी चार्जिंगला लावून तो नेवाशाला गेलाय. मी जाऊन बघितली. पोट फुगलंय, चटका बसतो, नासक्या अंड्यासारखा वास सुटलाय. घरातून मेन बटण पाडलं, दुकानाचं दार सताड उघडलं. वास जात नाही, म्हणजे गॅस आतच आहे. सून म्हणते, "आत्याबाई, ते आल्यावर बघत्याल की!" तीच तर भीती आहे. आल्या आल्या वाकून बघेल.

म्हणून सांगते, रागवायचं तर रागवा. तो मोटरसायकलवरून उतरायच्या आत मी रस्त्यात उभी राहणार. सिगारेट काढून घेणार आणि तुमच्या बिडीचं सगळं सांगणार, शेजारी ऐकत असले तरी. उद्यापासून तुम्हाला कोणी उस्ताद म्हणणार नाही. नको म्हणू दे. भिंतीवर तुमचा फोटो एकटाच राहील, शेजारी दत्तूचा लागणार नाही, एवढं मी बघते.

आज फक्त दत्तूची आई,
सरूबाई