जिलबीनंतरचा सोमवार

सोमवार, दिवेलागण

काल कुपवाडला नणंदेच्या वास्तुशांतीत जिलबी फार झाली. मी नको म्हणत होते, तर ती म्हणाली, "वहिनी, माझ्या नव्या घरात तोंड गोड करायचं न्हाई व्हय?" वाढलेलं टाकायचं कसं? खाल्ली. ह्यांच्या पानात उरलेली होती, तीही वाया जाईल म्हणून खाल्ली. ती कशाला खाल्ली मी? साखरेचा आजार मला आहे, ह्यांना नाही.

म्हणून आज सोमवार कडक धरला. फराळसुद्धा नाही. साखरेची गोळी तेवढी घेतली. दुपारी पोथी वाचता वाचता दरदरून घाम फुटला, अक्षरं दिसेनात. सुनेनं धावत येऊन साखरपाणी पाजलं.

"आवं आत्या, गोळी घिऊन उपाशी ऱ्हायचं न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं? जिलबी काल खाल्ली, जीव आज देताय व्हय?"

बोलता बोलता तिनं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं.

मग मुकाट्यानं भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. लग्नापासून पहिल्यांदाच सोमवार मोडला. जिलबीपायी!

ह्यापुढं सोमवारीही वेळेवर जेवेन, असं सुनेला कबूल केलंय. महादेवाला अजून सांगितलेलं नाही.